परीक्षकाची पायरी

नायरी हॅल्केटचं एक निळं हवाई पत्र माझ्या टेबलाच्या खालच्या खणात आहे. उघडून उघडून त्याच्या घड्या फाटल्या, तेव्हा माझ्या बायकोने, मर्लने, त्याला मागून पट्टी चिकटवून दिली. पत्र १९७७ च्या जूनमधलं, म्हणजे आमच्या दक्षिण गोलार्धातल्या हिवाळ्यातलं, समुद्रापलीकडच्या डनीडनहून आलेलं. सुरुवातीला अर्धं पान हवामान आहे: रस्त्यावर बर्फ गोठलं, नायरीची गाडी घसरली आणि शेजाऱ्याच्या कुंपणात शिरली, शेजारी अजून बोलत नाही, वगैरे. मग कामाच्या दोन गोष्टी. आणि अगदी तळाशी, जागा संपत आली म्हणून बारीक अक्षरात, एक प्रश्न: ‘लिंडसे, तो परीक्षक तू होतास का?’

या पत्राला मी उत्तर दिलं नाही.

नायरीला मी पत्रंच लिहिली नाहीत असं मात्र नाही. दर नाताळला कार्ड जायचं. तिची आई गेली तेव्हा दोन पानं लिहिली. तिच्या विद्यार्थ्यांच्या प्रबंधांवरचे अभिप्राय मी वेळेवर पाठवले, आणि आमच्या धंद्यात हे फारसं कुणी करत नाही. फक्त त्या एका ओळीला उत्तर दिलं नाही. ते का दिलं नाही हे सांगायचं, तर आधी आमचा धंदा काय होता ते सांगावं लागेल, आणि तेच मला आयुष्यभर नीट जमलेलं नाही.

माझ्या वडिलांची ह्यूऑनच्या खोऱ्यात सफरचंदांची बाग होती. विद्यापीठात नोकरी लागली तेव्हा त्यांनी पॅकिंग शेडमध्ये, हात न थांबवता, मला विचारलं, “म्हणजे तू संगणक दुरुस्त करणार?”

“नाही.”

“मग चालवणार?”

“मला चालवता येत नाही. संगणकाला काय जमणार नाही ते मी सिद्ध करतो. कितीही मोठं यंत्र आणलं, कितीही वेळ दिला, तरी अमुक गोष्ट होणार नाही, असं.”

वडिलांनी एक सफरचंद कागदात गुंडाळलं, पेटीत ठेवलं. “म्हणजे अमुक झाडाला कधीच फळ लागणार नाही, एवढं तू लिहून देणार. आणि त्याचा पगार मिळणार.”

“हो.”

“आईला सांगू नकोस,” ते म्हणाले.

पुढे चाळीस वर्षं मी तेच केलं. पेन्सिल, कागद, फळा. आमचा विभाग सॅण्डी बे नावाच्या उपनगरात, चढावरच्या एका लाकडी इमारतीत होता. तळमजल्यावर यंत्र होतं, त्याला थंड हवा लागायची. वर आम्ही होतो, आम्हाला हीटर मिळायचा नाही. खिडकीतून नदी दिसायची आणि मागच्या दारातून डोंगर. डोंगरावर बर्फ पडलं की तास सुरू असतानाच सगळे माना वळवून बघायचे, आणि मीही फळ्याकडे पाठ करायचो.

माझ्या शेजारच्या खोलीत काझ बसायचा. काझिमिएश ड्रोझ्ड. महायुद्धानंतर त्याचे वडील पोलंडमधून इकडे आमच्या बेटावर धरणांच्या कामाला आले, त्यामुळे काझ लहानपणापासून आमच्यातलाच होता. फक्त शिव्या पोलिश द्यायचा, म्हणजे विभागप्रमुखांना कळत नसत. तो माझ्याहून दहा वर्षांनी मोठा होता आणि माझ्या उलट होता. डोक्यात आलं की बोलून मोकळा. मी बोलायच्या आधी मनात तीनदा तपासायचो, तोवर चहा संपलेला असायचा.

आमच्या शाखेत एक जुना रिवाज आहे. दोघातिघांनी मिळून शोधनिबंध लिहिला, तर नावं रोमन लिपीच्या क्रमाने लावायची. कुणी किती काम केलं, कुणाची कल्पना, कुणी नुसतीच बेरीज तपासली, याची वाच्यता करायची नाही. रसायनशास्त्रवाले यावरून भांडतात, न्यायालयापर्यंत जातात. आम्ही अक्षरांवर सोडून देतो. काझ याचा पुरेपूर फायदा घ्यायचा.

“बघा,” तो नव्या माणसाला सांगायचा, “माझं नाव कायम पहिलं. या इमारतीतला सगळ्यात थोर शास्त्रज्ञ मीच. आणि हा ट्रेगिअर. गुणी आहे बिचारा, पण याचं आडनाव टी वरून. जगभर याला ‘आणि इतर’ या नावाने ओळखतात.”

खोटं नव्हतं ते. आमचे सगळे निबंध ‘ड्रोझ्ड आणि इतर’ म्हणूनच उल्लेखले जात. मला त्यात वाईट वाटायचं नाही. खरं सांगायचं तर बरंच वाटायचं. ‘इतर’मध्ये ऊब असते.

दुसरा रिवाज आमच्या चहाच्या खोलीचा होता. ज्याचा निबंध छापायला स्वीकारला जाईल त्याने सगळ्यांसाठी लॅमिंग्टन आणायचे. चॉकलेटमध्ये बुडवून खोबऱ्याच्या किसात घोळवलेले ते चौकोनी केक. खाल्ले की किस अंगभर होतो. स्वीकारपत्र टपालाने ज्याचं त्याला यायचं, पण आनंदाची बातमी आम्हाला कधी तोंडाने सांगावी लागली नाही. सकाळच्या चहाला टेबलावर पुठ्ठ्याचा खोका दिसला की सगळे विचारायचे, “कुणाचा?”

नायरी दर फेब्रुवारीत यायची. डनीडनला या विषयातली ती एकटीच होती, म्हणून उन्हाळ्याच्या बैठकीच्या निमित्ताने ती आमच्याकडे पंधरवडा काढायची. उंच, हाताने विणलेला स्वेटर, फळा बाहीनेच पुसायची. येताना आमच्यासाठी चीज आणायची आणि आमचेच तीन तीन लॅमिंग्टन खायची. तिचा तेव्हाचा प्रश्न असा होता. रस्त्यांचं एक प्रचंड जाळं आहे. त्यात एक यंत्र सोडलंय. त्याची स्मरणशक्ती अगदी तुटपुंजी, कुठे कुठे जाऊन आलो तेसुद्धा लक्षात राहत नाही. अशा यंत्राला ‘इथून तिथे वाट नाही’ हे खात्रीने सांगता येईल का? वाट असेल तर भटकत भटकत कधीतरी सापडते. पण नसेल, तर ‘नाही’ कशाच्या जोरावर म्हणायचं?

१९७५ च्या सुरुवातीला आमच्या नदीवरचा पूल पडला. जहाज आपटलं, मधल्या कमानी पाण्यात गेल्या, माणसं गेली. पुढची अडीच-तीन वर्षं शहराचे दोन तुकडे होते. काझ पलीकडे, बेलरीव्हला राहायचा. तो रोज फेरीबोटीने यायचा. बोटीवर बिअर मिळायची, त्यामुळे आधी जो माणूस सहाला घरी पोचायचा तो आता आठला पोचायला लागला. “इथून तिथे वाट आहे का?” नायरी त्याला चिडवायची. “आहे,” तो म्हणायचा, “पण मध्ये दुकान लागतं.”

शहात्तरच्या मार्चमध्ये युरोपातल्या एका नियतकालिकाच्या संपादकांकडून मला तपकिरी पाकीट आलं. आत नायरीचा निबंध होता. तपासून मत द्या, म्हणून. असं काम करणाऱ्याला आमच्यात परीक्षक म्हणतात. निबंधावर लेखकाचं नाव असतं; परीक्षकाचं नाव फक्त संपादकाला ठाऊक. कुणी सांगत नाही, कुणी विचारत नाही. संपादकांनी लिहिलं होतं, लेखिकेपासून दूर राहणाऱ्या माणसाचं मत हवं म्हणून तुमच्याकडे पाठवतो. नकाशावर आम्ही दोघं तळाशी कुठेतरी होतो, पण त्या तळाशीही तिने महिन्यापूर्वी माझ्या ताटातला केक उचलला होता. मी लगेच उलट कळवलं, बाई ओळखीच्या आहेत. त्यांचं उत्तर आलं: हा विषय समजणारी माणसं मोजकी, ती सगळीच एकमेकांच्या ओळखीची, पुढे चला.

निबंध सुंदर होता. दोन्ही बाजूंनी भक्कम बांधत आणलेला, आणि मध्ये भगदाड. नायरीने तिथे ‘हे उघडच आहे’ असं लिहिलं होतं. आमच्या धंद्यात हे शब्द दिसले की तिथेच खणायचं. मी खणलं. उघड काही नव्हतं. ते सिद्ध झालं नाही तर सगळा निबंधच पडणार होता आणि मला तसं लिहून द्यावं लागणार होतं. दोन आठवडे मी ते टाळलं.

त्याच सुमाराला चहाच्या खोलीत ती लॅमिंग्टनची भानगड झाली. विभागप्रमुखांनी शेवटचा एक स्वतःसाठी बशीखाली झाकून ठेवला होता. तो नाहीसा झाला. ते गृहस्थ दारात उभे राहून एकेकाला विचारायला लागले, “तुम्ही खाल्लात का?” जो तो नाही म्हणे.

काझने खडू उचलला. “सर, खाणारा कधी ‘हो’ म्हणणार नाही. त्याला शोधूच नका. न खाणारे मोजा.” त्याने फळ्यावर सगळ्यांची नावं लिहिली. हा वर्गावर होता, खोडा. ही दाताच्या डॉक्टरकडे होती, खोडा. “मी बोटीवर होतो, साक्षीदार म्हणून बिअर आहे.” खोडा. मी ग्रंथालयात होतो, तिथे मर्लने मला पाहिलं होतं. तेव्हा आमचं लग्न व्हायचं होतं, त्यामुळे यावर जरा हशा झाला. सगळी नावं खोडून झाल्यावर फळ्यावर एकच राहिलं. खुद्द विभागप्रमुखांचं.

ते लाल झाले. मग त्यांनी खाली पाहिलं. त्यांच्या टायवर खोबरं होतं. फोनवर बोलता बोलता त्यांनी तो खाल्ला होता आणि विसरून गेले होते.

सगळे हसत होते. मीही हसत होतो, पण हातातला कप तसाच राहिला होता. संध्याकाळी काझ म्हणाला, “चल लेका, एक फेरी मारून येऊ.” असं तो मला कधी कधी ओढून न्यायचा: पलीकडे जायचं, मी त्याच बोटीने परत यायचं. आम्ही कठड्याशी उभे होतो. तुटलेला पूल दोन्ही काठांवरून पुढे येऊन मध्येच थांबलेला, खाली संथ पाणी. काझ कुठल्याशा घोड्याबद्दल बोलत होता. मी बघत होतो त्या मधल्या रिकाम्या जागेकडे, आणि मला एकाएकी दिसलं. यंत्राने वाट आठवायची गरजच नाही. कुठे पोचता येतं ते लक्षात ठेवायचं नाही. किती ठिकाणी पोचता येतं ते फक्त मोजत न्यायचं. एक आकडा तर तुटपुंज्या स्मरणशक्तीतही मावतो. मग पोचता येणारी ठिकाणं तो आकडा भरेपर्यंत एकेक करून खोडत जायची. जे शेवटी उरेल त्याबद्दल ‘वाट नाही’ असं छातीठोक म्हणता येईल.

“तुझं लक्ष नाही,” काझ म्हणाला.

“नाही.”

“घोडा हरला.”

“अरेरे.”

तीन पानांचा अभिप्राय मी त्या आठवड्यात टंकित केला. ‘लेखिकेने मधली पायरी अशी घातल्यास निबंध पूर्ण होईल’ एवढं लिहून ती पायरी पूर्ण मांडली. पाकीट टपालात टाकलं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काय झालं मला ठाऊक नाही, मी वाटेत थांबून लॅमिंग्टनचा खोका घेतला.

“कुणाचा?” सगळ्यांनी विचारलं.

“कुणाचा नाही. असेच आणले.”

काझने एक उचलला, उलटसुलट करून पाहिला. “असेच लॅमिंग्टन कुणी आणत नाही,” तो म्हणाला. मग खाऊन टाकला. त्यावर तो पुन्हा कधी बोलला नाही.

निबंध छापून आला आणि गाजला. आमच्या मानाने गाजला म्हणजे दोनतीनशे माणसांनी वाचला. नायरीने तळटीपेत लिहिलं होतं: ‘मधली पायरी माझी नाही, ती अज्ञात परीक्षकाची आहे.’ लोक निबंधापेक्षा त्या पायरीलाच धरून बसले. तिच्यावर दुसऱ्यांनी मजले चढवले. तिला नाव पडलं, परीक्षकाची पायरी. आणि नायरीचं ते निळं पत्र आलं.

आता ‘हो’ म्हणणं म्हणजे नियम मोडणं. ‘नाही’ म्हणणं म्हणजे खोटं. मी हिशेब केला की गप्प राहिलं तर दोन्ही टळतं. न दिलेल्या उत्तरातून कुणाला काहीच कळत नाही. हे एक कारण. दुसरं कारण मी मर्लशिवाय कुणाला सांगितलेलं नाही. ती पायरी माझी आहे याची मला खात्री नव्हती. काझने फळ्यावर नावं खोडली नसती तर? त्याने विनोद केला, मी तो गणितात लिहून काढला. मग कुणाची म्हणायची? काझला विचारावं असं रोज मनात यायचं. तो शेजारच्याच खोलीत होता, भिंत पातळ होती, त्याचं खोकणंसुद्धा ऐकू यायचं. विचारलं असतं तर त्याने हसून ‘माझीच’ म्हटलं असतं, नाहीतर हसून ‘तुझीच’ म्हटलं असतं, आणि दोन्हीवर माझा विश्वास बसला नसता. अठ्ठ्याण्णव साली काझ गेला. पूल तोवर कधीच दुरुस्त झाला होता. अंत्यविधीनंतर त्याच्या मुलीने सगळ्यांना मुद्दाम बोटीने पलीकडे नेलं आणि बिअर पाजली.

मी बढत्या घेत गेलो, फार नाही. ती पायरी दरवर्षी तिसऱ्या वर्षाच्या वर्गाला शिकवली. दरवर्षी कुणीतरी विचारायचंच, “सर, हा परीक्षक कोण होता?” मी म्हणायचो, “त्याने सांगितलेलं नाही.” हे खरं होतं. मग मी फळा पुसायचो, आणि माझी आयुष्यातली एकुलती एक चांगली कल्पना डस्टरवर यायची. घरी जाताना वाटायचं, आपण एवढंच केलं, आणि तेही बहुधा आपलं नाही.

गेल्या हिवाळ्यात युरोपातले प्राध्यापक होल्टग्रेव्ह वारले. फार मोठा माणूस. त्यांच्यावरच्या मृत्युलेखात एक वाक्य होतं: ‘परीक्षकाची पायरी त्यांचीच होती असं जाणकार मानतात, विचारल्यावर ते नुसते हसत.’ पुढे होतं की त्यांचे विद्यार्थी आता तिला होल्टग्रेव्हची पायरी म्हणू लागले आहेत आणि यंदाच्या स्मृतिसभेत तसं रीतसर जाहीर होणार आहे.

मी ते मर्लला वाचून दाखवलं.

“तोही हसायचा, तूही हसायचास,” ती म्हणाली. “त्याचं हसणं बघायला लोक होते, एवढाच फरक.”

“असू दे गं. पायरी आहे ना जागेवर.”

“पायरी आहे. तू आहेस का?”

मी चहा करायला उठलो. पण मला झोंबलं होतं, आणि झोंबलं याचीच मला लाज वाटत होती. इतकी वर्षं ती कुणाचीच नव्हती तेव्हा मी निवांत होतो. आता ती दुसऱ्याची होणार म्हटल्यावर मला ती हवीशी वाटायला लागली.

दुसऱ्या दिवशी फोन वाजला. डनीडन.

“लिंडसे? ऐकू येतंय का? कानात ते यंत्र घातलंयस ना?”

“घातलंय.”

“मग ओरडत नाही. होल्टग्रेव्हचं वाचलंस?”

“वाचलं. बरं लिहिलंय.”

“बरं लिहिलंय म्हणे! ती पायरी त्याची नव्हती. त्याने स्वतः मला लिहून कळवलं होतं.”

“तुला? कधी?”

नायरी हसली. ब्याऐंशीव्या वर्षीही ते हसणं तसंच होतं, खडू मोडल्यासारखं. “तुला काय वाटलं, सत्त्याहत्तर साली मी तुला एकट्यालाच पत्र लिहिलं होतं? अरे, हे काम समजणारी माणसं जगात किती होती तेव्हा? सगळ्यांना लिहिलं. मजकूर तोच, गाडी तीच, कुंपण तेच, फक्त वरचं नाव वेगळं. सगळ्यांची उत्तरं आली. ‘मी नव्हे, असतो तर आनंद झाला असता.’ होल्टग्रेव्हचंही तेच. काझने लिहिलं, ‘मी नव्हे, मी असतो तर पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात सही केली असती.’ एकाच माणसाचं उत्तर आलं नाही.”

मी खुर्ची ओढली. “पत्र वाटेत हरवलं असेल.”

“त्या वर्षीच्या नाताळच्या कार्डात तू विचारलं होतंस, गाडी दुरुस्त झाली का, आणि शेजारी बोलायला लागला का.”

मी फोन एका कानावरून दुसऱ्या कानावर घेतला.

“खाणाऱ्याला शोधायचं नाही, न खाणारे मोजायचे,” नायरी म्हणाली. “काझने सांगितली होती मला ती टायची गोष्ट. तुझ्याच पायरीने तुला पकडलं, लिंडसे. सत्त्याहत्तरच्या सप्टेंबरपासून मला ठाऊक आहे.”

“मग बोलली का नाहीस?”

“तू बोलला नाहीस म्हणून. मी एकदा विचारलं होतं. दोनदा विचारणं बरं नव्हे. आताही विचारत नाहीये. माझ्या पुस्तकाची शेवटची आवृत्ती निघतेय. प्रस्तावना राहिलीय. ‘परीक्षक कोण ते ठाऊक नाही’ असं लिहू शकत नाही, कारण मला ठाऊक आहे. ‘ठाऊक आहे पण सांगत नाही’ लिहिलं, तर ते लोक म्हणतील, बघा, होल्टग्रेव्हच. त्याचं पत्र दाखवलं तर म्हणतील, नियम पाळायला नाही म्हणाले बिचारे. आणि तुझं नाव तुझ्याशिवाय मी छापणार नाही. आता काय करू, तू सांग.”

“नियम असा आहे, नायरी, की परीक्षकाने…”

“नियम परीक्षकाला झाकायला आहे रे. पुरायला नाही.”

पलीकडे किटली वाजत होती. मी म्हणालो, “ती माझी आहे याचीच मला खात्री नाही. विचार काझचा होता. मी फक्त लिहून काढलं.”

“मग तसं लिही.”

“आता फोनवरच सांगू का?”

“मुळीच नाही. मी पत्र लिहिलं होतं. पत्राला उत्तर पत्राने. छापखाना थांबेल, इतकी वर्षं मी थांबलेच की. आणि लिंडसे, नीट अक्षरात. माझे डोळे आता तुझ्या बारीक अक्षराचे नाहीत.”

त्या आठवड्यात मी टेबलापासून हललो नाही. पहिल्या कागदावर नुसतं ‘हो’ लिहिलं. ते फार मोठं दिसलं. दुसरं पत्र चार पानी झालं. त्यात बोट होती, विभागप्रमुख होते, आणि इतक्या वेळा ‘कदाचित’ होतं की मर्ल वाचता वाचता पेन्सिलीने खुणा करायला लागली.

“हे उत्तर आहे की माफीनामा?”

“सगळं खरं आहे त्यात.”

“खरं आहे रे. पण बिचारीने एका ओळीचा प्रश्न विचारला होता.”

मी खण उघडला, निळं पत्र पुन्हा वाचलं. त्या कागदावर काझ कुठे नव्हता, पण मला त्याचं खोकणं ऐकू येत होतं. काझच्या नावावर शेवटची दहा वर्षं एकही नवा निबंध निघाला नाही. त्याला त्याचं दुःख होतं. तो विनोदात घालवायचा. मग माझ्या लक्षात आलं की ज्या प्रश्नावर मी इतकी वर्षं अडलो, तो आमच्या धंद्याने कधीच सोडवून ठेवला होता. कुणाचं किती, हे आम्ही विचारतच नाही.

शेवटचं पत्र मी मोठ्या अक्षरात लिहिलं.

‘प्रिय नायरी,

तुझ्या जून १९७७ च्या पत्राचं उत्तर.

हो. तीन पानं मी लिहिली. विचार काझच्या फळ्यावरून उचलला, आणि पोचायचं कुठे ते तू ठरवलं होतंस. नाव द्यायचंच असेल तर आपल्या रिवाजाप्रमाणे दे: ड्रोझ्ड, हॅल्केट, ट्रेगिअर.

गाडीचं ऐकून वाईट वाटलं.

लिंडसे’

मर्लने वाचलं. “म्हणजे तू पुन्हा शेवटी.”

“आडनावच तसं आहे.”

“आणि तो मेला तरी पहिला.” तिने डोळे पुसले आणि पाकिटाला जीभ लावून ते बंद केलं. मला उघडून पुन्हा तपासता येऊ नये म्हणून असावं.

टपालपेटी कोपऱ्यावर आहे, बेकरीच्या शेजारी. आधी मी बेकरीत गेलो.

“लॅमिंग्टन द्या. खोकाभर.”

काउंटरवरच्या बाईंनी पुठ्ठ्याचा खोका उघडला. “नातवंडं यायचीत वाटतं?”

“नाही,” मी म्हणालो. “निबंध आहे.”

“अरे वा. कुणाचा?”

हा प्रश्न मला बऱ्याच वर्षांत कुणी विचारला नव्हता. मी मनात तपासायला लागलो, मग थांबलो. “आमचा,” म्हणालो. “तिघांचा.”

बाहेर वारा होता आणि डोंगरावर नवं बर्फ. लोक चालता चालता माना वळवून बघत होते. मी खोका लाल पेटीच्या माथ्यावर ठेवला, एका हाताने तो धरून ठेवला, आणि दुसऱ्या हाताने पाकीट फटीत सरकवलं. ते आत पडल्याचा आवाज झाला.